सापळा बाजूला ठेवल्यावर बुडापेस्ट गॅम्बिटमध्ये काय उरतं

बुद्धिबळात काळ्या मोहऱ्यांसाठी एखादी आडवाटेची सुरुवात पक्की आहे की नाही हे ठरवायचं असेल, तर आधी तिच्यातला सगळ्यात गाजलेला सापळा बाजूला काढून ठेवावा. समोरचा फसला तर काय होतं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. तो फसला नाही आणि साध्या विकासाच्या चाली करत राहिला, तर पटावर काय उरतं हे क्वचितच कुणी नीट मांडून पाहतं. बुडापेस्ट गॅम्बिट (गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊन खेळ मिळवणं) आम्ही याच बाजूने तपासला. काय हाती लागलं आणि कसं, ते इथे मांडतो.

खुणा आधी सांगून ठेवतो: घो म्हणजे घोडा, उं म्हणजे उंट, व वजीर, ह हत्ती, रा राजा, नुसतं घर लिहिलं तर प्याद्याची चाल, मारल्याची खूण ×, शहाची +, आणि ०-० म्हणजे राजाच्या बाजूचं कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं). ! म्हणजे उत्तम चाल, ?? म्हणजे घोडचूक; आकड्यापुढे तीन टिंबं असतील तर ती काळ्याची चाल. घोबी-डी२ म्हणजे बी-फाइलवरचा घोडा डी२ ला, आणि ई-फाइल, सी-फाइल म्हणजे पटावरची त्या अक्षराची उभी ओळ. सुरुवात अशी: १. डी४ घो-एफ६ २. सी४ ई५ ३. डी×ई५ घो-जी४. काळ्याने एक प्यादं दिलंय आणि त्याच प्याद्यावर घोडा रोखलाय. इथे ३... घो-ई४ खेळला तर तो फायारोविझ प्रकार. दोघांचा निकाल वेगवेगळा लागतो, म्हणून त्यांची तपासणीही वेगळी ठेवावी.

तपासणी सुरू करण्याआधी "पक्की" म्हणजे काय ते लिहून काढलं. आमचे निकष तीन. एक, पांढऱ्याने बिनचूक खेळ केला तरी काळ्याला धरता येईल अशी स्थिती मिळते का? दोन, ती धरताना काळ्याला किती वेळा एकुलती एक बरोबर चाल सापडावी लागते? तीन, प्यादं परत मिळवताना काळ्याने बदल्यात काय दिलं? तिसऱ्या निकषाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. प्यादं परत आलं की हिशेब चुकता झाला, असं धरलं जातं.

तो कसा चुकता होत नाही, हे एंग्लंड गॅम्बिट या दुसऱ्या एका सुरुवातीत लख्ख दिसतं: १. डी४ ई५ २. डी×ई५ घो-सी६ ३. घो-एफ३ व-ई७ ४. उं-एफ४ व-बी४+ ५. उं-डी२ व×बी२. आता ६. उं-सी३?? ला ६... उं-बी४! आणि ७. व-डी२ उं×सी३ ८. व×सी३ व-सी१ मात, हा प्रसिद्ध शेवट. पण ६. घो-सी३! उं-बी४ ७. ह-बी१ व-ए३ ८. ह-बी३ व-ए५ इथे थांबून पट पाहावा. प्यादी दोन्हीकडे सारखी. पण काळ्याच्या आठ चालींपैकी पाच वजिराच्या, आणि पांढऱ्याचे घोडे, उंट, हत्ती फुकटात बाहेर आलेले. पुढे ९. ई४ झालं की एफ१ च्या उंटाची वाट मोकळी होते आणि ह-बी५ ची टांगती तलवार राहते. ९... घोजी-ई७ १०. ह-बी५ व-ए६ ११. ह×बी४ खेळलं की हत्ती हलताच उंट थेट ए६ च्या वजिरावर येतो. या सुरुवातीची तपासणी इथेच संपते. बुडापेस्टला याहून खूप जास्त वेळ द्यावा लागतो, कारण तो असा एका रेषेत कोसळत नाही.

आता इंजिन. बुडापेस्टच्या तिसऱ्या चालीनंतर स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन चालू करून आकडा वाचणं आणि त्यावरून निकाल देणं, ही सगळ्यात जास्त आढळणारी गफलत. त्या जागी पांढऱ्याच्या बाजूने अर्ध्यापासून एका प्याद्याच्या मधला कुठलातरी आकडा दिसतो आणि माणूस घाबरून टिपणांची फाइल बंद करतो. हा आकडा म्हणजे पटावरच्या प्याद्यांची मोजणी नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्टॉकफिश १५.१ पासून +१.०० चा अर्थ ठरवून दिलाय: इंजिनाने इंजिनाशी खेळताना जिंकण्याची शक्यता ५० टक्के. त्यामुळे त्याआधीच्या टिपणांतले आकडे आणि आजचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. जुन्या फाइलमधले मूल्यांकनाचे आकडे आम्ही सरळ पुसून टाकले आणि फक्त चाली ठेवल्या.

आम्ही आकडा मुळाशी न घेता टोकाला घेतो. मल्टीपीव्ही चारवर ठेवून, म्हणजे इंजिनाला एका वेळी चार वाटा दाखवायला सांगून, प्रत्येक वाट पुढे चालत न्यायची. मारामारी आणि शह संपले, दोन्ही राजे सुरक्षित झाले, प्याद्यांची मांडणी ठरली, की ते टोक. तिथे किमान ३५ ते ४० डेप्थ (इंजिनाच्या शोधाची खोली) होऊ द्यायची. मग एकेक चाल मागे यायचं, आणि मागे येताना हॅश (इंजिनाची तात्पुरती स्मृती) पुसायचा नाही. पुढे सापडलेली माहिती हॅशमध्ये असल्यामुळे मागच्या स्थितीचा आकडा बदलतो, आणि तो बदललेला आकडाच खरा धरायचा. टोकाला आकडा ०.३ च्या आसपास असेल तर ती वाट कुठल्याही प्रतिष्ठित बचावाइतकी चांगली. ०.७ पर्यंत असेल तर खेळण्याजोगी, पण त्रास कुठून होतो ते माहीत हवं. पांढऱ्याच्या दोन-तीन वेगवेगळ्या चालींनी तो आकडा एकाच्या वर जात असेल, तर ती वाट टाकून द्यावी.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो ४. उं-एफ४ वर, आणि जायलाच हवा. पुढे ४... घो-सी६ ५. घो-एफ३ उं-बी४+. इथे पांढऱ्यापुढे दोन रस्ते फुटतात.

पहिला ६. घोबी-डी२ व-ई७ ७. ए३ घोजी×ई५. बुडापेस्टचं सगळं आकर्षण या जागी आहे. ८. ए×बी४?? घो-डी३ मात. ई-फाइलवर काळ्याचा वजीर असल्यामुळे ई२ चं प्यादं जखडलेलं, आणि राजाच्या भोवती त्याचेच मोहरे. पण पांढरा ८. घो×ई५ घो×ई५ ९. ई३ खेळतो, कॅसलिंगची तयारी करतो आणि सापळा संपतो. आता बी४ च्या उंटावर खरोखरच मारा आहे, म्हणून ९... उं×डी२+ १०. व×डी२ डी६. हे टोक आम्ही सगळ्यात जास्त वेळ पटावर मांडून ठेवलं.

काय दिसतं इथे? प्यादी समान. पांढऱ्याकडे उंटांची जोडी आणि वजिराच्या बाजूला जास्त जागा. काळ्याकडे ई५ वरचा घोडा, कुठलंही कमजोर प्यादं नसलेली मांडणी आणि खुली होऊ शकणारी ई-फाइल. म्हणजे काळ्याचं प्यादं कमी नाही, पण ते परत घेण्याची किंमत म्हणून त्याने घोड्याच्या बदल्यात एक उंट दिला. पांढऱ्याची योजना एकच आणि ती उघड आहे: बी४, ह-सी१ किंवा ह-डी१, मग सी५. सी५ साधलं की डी६ चं प्यादं हलतं, फाइल उघडतात आणि उंट बोलू लागतात. म्हणून काळ्याचं पहिलं काम हल्ला नव्हे, सी५ लांबवणं. ११. उं-ई२ ०-० १२. ०-० नंतर ए५ ने बी४ अडवता येतं, किंवा बी६ ने सी५ वर आधीच पहारा बसवता येतो. उंट बी७ किंवा एफ५ ला, हत्ती ई८ ला. ई५ चा घोडा कारण नसताना जी६ ला नेऊ नये. तो हलला की एफ४ च्या उंटाला मोकळी कर्णरेषा मिळते.

पांढरा लगेच ११. सी५ सुद्धा खेळू शकतो, आणि हे तयार न ठेवता पटावर बसणाऱ्या काळ्याची पंचाईत होते. ११... डी×सी५ १२. व-डी५ ने ई५ च्या घोड्यावर दोन मारे येतात आणि रक्षणाला फक्त वजीर. १२... घो-जी६ १३. उं-जी३ नंतर काळ्याकडे एक प्यादं जास्त आहे, पण सी-फाइलवरची त्याची प्यादी एकावर एक आलीत आणि पांढऱ्याचे दोन्ही उंट लांबवर मारा करतायत. इंजिन इथे गडबडत नाही. ते काळ्याला कॅसलिंग करायला आणि प्यादं योग्य वेळी परत द्यायला सांगतं. ते प्यादं धरून ठेवायचा मोह झाला की स्थिती बिघडते.

काही जण ७. ए३ ऐवजी ७. ई३ खेळून ती एक चाल वाचवतात. या वेळी काळ्याने उगाच डी२ वर मारामारी करू नये. पांढऱ्याने ए३ खेळून विचारलेलं नसताना उंट देणं म्हणजे वाचवलेली चाल त्याला बक्षीस देणं. आधी ०-०, डी६, ए५. माजी जगज्जेत्या अनातोली कार्पोव्हने नायजेल शॉर्टला १९९१ मध्ये ॲमस्टरडॅमला हरवलं ते ४. उं-एफ४ च्याच मार्गाने. उंटांची जोडी आणि थोडी जास्त जागा एवढ्या शिदोरीवर असा खेळाडू काय करू शकतो हे त्या डावावरून कळतं. काळ्याने बुडापेस्ट निवडण्याआधी असे हरलेले डाव बघावेत. जिंकलेले सगळेच बघतात.

दुसरा रस्ता ६. घो-सी३. हाच खरा गॅम्बिट, कारण इथे प्यादं परत येत नाही. ६... उं×सी३+ ७. बी×सी३ व-ई७ ८. व-डी५ एफ६ ९. ई×एफ६ घो×एफ६ १०. व-डी३ डी६. अकिबा रुबिनस्टाइनने १९१८ मध्ये बर्लिनला पांढऱ्याने हीच स्थिती घेतली आणि मिलान व्हिडमारने त्याला २४ चालींत हरवलं. बुडापेस्टला प्रतिष्ठा मिळाली ती या डावाने. १८९६ मधला आडलर विरुद्ध मारोत्सी हा डाव सगळ्यात जुना म्हणून सांगितला जातो, पण तेव्हा त्याकडे फारसं कुणी पाहिलं नव्हतं. मात्र व्हिडमारचा विजय हा पक्केपणाचा पुरावा नव्हे. तपासणीत त्या डावाला आम्ही शून्य वजन दिलं. विचारायचं ते इतकंच की पांढऱ्याची सी३ आणि सी४ ही जोडप्यादी (एकाच फाइलवर एकामागे एक आलेली प्यादी) काळ्याला एका प्याद्याची भरपाई करून देतात का.

बऱ्याच अंशी करतात. सी४ चं प्यादं कायम रक्षण मागतं, ई४ आणि सी५ ही घरं काळ्याच्या घोड्यांना मिळतात, आणि एफ-फाइल उघडलेली असते. पांढऱ्याची सुटका जी३, उं-जी२, ०-० आणि मग योग्य क्षणी सी५. ते जास्तीचं प्यादं परत देऊन तो जोडप्यादी मोडतो आणि उंटांना वाट करून देतो. पांढरा प्यादं कवटाळून बसला तर काळा बरोबरीत येतो. परत दिलं तर पांढऱ्याचा थोडा वरचष्मा राहतो. म्हणून आम्हाला ८... व-ए३ जास्त भावतं. वजीर सी३ वर शह देऊन ए१ चा हत्ती टिपायची धमकी देतो, पांढऱ्याला ९. ह-सी१ करावं लागतं, आणि मगच ९... एफ६ १०. ई×एफ६ घो×एफ६. काळ्याचा वजीर ए३ वर असताना सी५ ढकलणं पांढऱ्याला तितकं सोपं राहत नाही.

४. उं-एफ४ ला ४... जी५ हाही एक प्रकार आहे. तो आम्ही फार ताणला नाही. प्यादं परत येतं, पण एफ५ आणि एच५ ही घरं कायमची ढिली पडतात, आणि एच४ ने पांढरा लगेच त्या बाजूला हात घालतो.

४. घो-एफ३ मात्र मनापासून आवडावा असा भाग. ४... उं-सी५ ५. ई३ घो-सी६ ६. उं-ई२ ०-० ७. ०-० ह-ई८ ८. घो-सी३ घोजी×ई५ ९. बी३ ए५! १०. उं-बी२ घो×एफ३+ ११. उं×एफ३ घो-ई५ १२. उं-ई२ ह-ए६. ए-फाइलवरचा हत्ती सहाव्या ओळीतून थेट एच६ ला जातो, वजीर एच४ ला येतो आणि पांढऱ्याच्या राजासमोर अचानक फौज उभी राहते. हे जमण्यासाठी एक बारकावा पाळावा लागतो: तोवर डी६ खेळायचं नाही. डी६ झालं की सहावी ओळ तिथेच बंद होते आणि ए६ चा हत्ती अडकून पडतो. पांढऱ्याचा खरा उपाय या बारकाव्यावरच बेतलेला आहे. १३. व-डी५ ने तो सी५ च्या निराधार उंटाला हाकलतो, १३... उं-ए७ नंतर १४. घो-ई४, आणि मग सी५ ने ए७ च्या उंटाची कर्णरेषा बुजवायची तयारी. उंट कोंडला जायची भीती वाटली की काळ्याला डी-प्यादं हलवावंसं वाटतं, आणि हलवलं की हत्तीची वाट संपते. हल्ला अडला तरी काळा हरत नाही. प्यादं परत आलेलं असतं, हत्ती मागे आणता येतो. पण "हत्ती एच६ ला गेला की डाव जिंकला" अशा थाटाने हे शिकवलं जातं, ते खरं नाही.

४. ई४ बद्दल थोडक्यात. ४... घो×ई५ ५. एफ४ घोई-सी६ ६. उं-ई३ उं-बी४+. प्यादं लगेच परत, बदल्यात पांढऱ्याला मोठा मध्य. ७. घो-सी३ ला ७... व-एच४+ ८. जी३ उं×सी३+ ९. बी×सी३ व-ई७ करून काळा पांढऱ्याची प्यादी विस्कटतो. इथे ई४ च्या प्याद्यावर डोळा ठेवून डी६, ०-०, घो-डी७-सी५ अशी साधी मांडणी पुरते.

फायारोविझची तपासणी याच पद्धतीने केली तर वेगळा निकाल येतो. त्याचाही एक गाजलेला चुटका आहे: ३... घो-ई४ ४. ए३ डी६ ५. ई×डी६ उं×डी६ ६. जी३?? घो×एफ२! ७. रा×एफ२ उं×जी३+ आणि डी१ चा वजीर गेला. तो बाजूला ठेवला की लक्षात येतं, ४. ए३ या एका शांत चालीने बी४ वरचा शह कायमचा काढून घेतलाय आणि पांढऱ्याने डी६ वर मारायचीही गरज नाही, ५. घो-एफ३, मग व-सी२ ने ई४ चा घोडा हाकलायचा. प्यादं परत येण्याची खात्री नाही आणि जोडप्यादीसारखी भरपाईही नाही. मूळ बुडापेस्टपेक्षा हा प्रकार स्पष्टपणे ढिला आहे.

खेळलेल्या डावांच्या डेटाबेसमधले गुणांचे टक्के शेवटी पाहावेत, आधी नाहीत. चाळीस डावांच्या नमुन्यात सरासरीतली चूक सहज बारा टक्के इकडे-तिकडे असते. चारशे डावांत ती चार टक्क्यांवर येते. म्हणून चाळीस डावांवरून "काळ्याला ५२ टक्के" असं म्हणण्यात अर्थ नाही. दुसरं, खेळाडूंचं रेटिंग. काळ्याचे खेळाडू सरासरी ५० गुणांनी वरचढ असतील तर एलो या रेटिंगच्या सूत्राप्रमाणे त्यांच्याकडून ५७ टक्क्यांची अपेक्षा असते. मग ५२ टक्के हे यश नसून घट आहे. लीचेस या संकेतस्थळावरच्या ब्लिट्झ (झटपट) डावांतला टक्का फक्त सापळा किती वेळा लागतो ते सांगतो. आम्ही सगळ्यात जास्त भरवसा ठेवला तो आयसीसीएफ या आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहार बुद्धिबळ संघटनेच्या डावांवर, कारण तिथे इंजिन वापरायला परवानगी असते. दोन्ही बाजू तयारीनिशी खेळून काळा कुठल्या वाटेने टिकतो, ते त्या डावांत दिसतं.

मग एकुलत्या एका चालींची मोजणी. प्रत्येक टोकापर्यंत जाताना काळ्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या पसंतीच्या चालीत अर्ध्या प्याद्याहून जास्त फरक असेल तिथे खूण करायची. ४. उं-एफ४ च्या मुख्य वाटेत या खुणा बहुतेक सुरुवातीच्या दहा चालींतच येतात, आणि त्या पाठ होण्याजोग्या आहेत: बी४ चा शह, व-ई७, ई५ वर मारणं, डी२ वर मारणं. त्यानंतर काळ्याला चुकायला जागा मिळते. पक्केपणाची ही खूण आम्ही आकड्याइतकीच महत्त्वाची मानतो. लॅटव्हियन गॅम्बिटमध्ये, म्हणजे १. ई४ ई५ २. घो-एफ३ एफ५ मध्ये, ३. घो×ई५ व-एफ६ ४. घो-सी४ नंतर अशा खुणा संपतच नाहीत.

टोकाची स्थिती शेवटी माणसांनी खेळून पाहायची. १०... डी६ ची स्थिती पटावर लावून दोन्ही बाजूंनी, घड्याळ लावून. इथे कळतं की काळ्याला हल्ल्याची आवड असेल तर हा मुख्य प्रकार त्याला कंटाळवाणा वाटणार. घोडा विरुद्ध उंट असलेला, थोडा खालचा पण भक्कम खेळ धरता येणाऱ्यालाच तो परवडतो. आमच्या मते बुडापेस्ट पक्का आहे. बरोबरी साधून देणारा नाही, पण धरता येणारा. फायारोविझ नाही.

तरी टिपणांची फाइल इथे पूर्ण होत नाही. पांढऱ्याने प्यादं घेतलंच नाही तर? ३. डी५ ला उं-सी५, ३. ई३ ला ई×डी४ ४. ई×डी४ डी५, दोन्हीत काळ्याला काही त्रास नाही. खरी अडचण दुसऱ्या चालीवर आहे. २. घो-एफ३ खेळणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि तिथे २... ई५ म्हणजे घोड्याच्या तोंडी फुकट दिलेलं प्यादं. बुडापेस्टच्या धाटणीचा खेळ हवा असेल तर २... डी६ ३. सी४ घोबी-डी७ आणि त्यानंतरच ई५. घोडा डी७ ला न आणता तिसऱ्याच चालीवर ई५ ढकललं तर ४. डी×ई५ डी×ई५ ५. व×डी८+ रा×डी८ ६. घो×ई५, आणि प्यादंही गेलं, कॅसलिंगही गेलं.